नव्वद दिवसांची वही

पनवेलच्या मोहल्ल्यात ज्या घरातला माणूस गल्फला, त्या घरात काचेचं कपाट असतंच. त्यातल्या वस्तू वापरायच्या नसतात, पाहुण्यांना दिसायच्या असतात. फरिदाच्या कपाटात अत्तराच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या होत्या, सोनेरी काठाचे सहा कप होते, बंद पडलेलं एक घड्याळ होतं, आणि या सगळ्यांच्या मागे खोक्यासकट बसलेलं रक्तातली साखर मोजायचं मशीन होतं. तिच्या नवऱ्याने, मुबारकने, ते कुवेतहून सासऱ्यांसाठी आणलं होतं. फरिदाचे अब्बा मोरा बंदरावर लाँचची तिकिटं फाडायचे. मशीन घरी पोचायच्या आधीच ते गेले. आधी पायाचा अंगठा काढावा लागला, मग पाऊल, आणि मग तेच राहिले नाहीत. मशीन कपाटात गेलं आणि दोन वर्षं कुणी त्याला हात लावला नाही.

फरिदा दहावीला शास्त्रात वर्गात पहिली आली होती. ही गोष्ट आता तिच्याखेरीज कुणालाच आठवत नव्हती. दहावीनंतर दोन वर्षांत निकाह झाला, ती पनवेलला आली, आणि अंगाची हळद पुरती उतरते न उतरते तोच मुबारक कुवेतला निघून गेला. तिथे तो ट्रेलर चालवायचा. दोन वर्षं झाली की दोन महिन्यांची रजा. असा सतरा वर्षं संसार झाला, हुदा झाली, ती दहावीपर्यंत पोचली. एकदा कांदा चिरता चिरता फरिदाने मनात बेरीज केली, तर सतरा वर्षांत नवरा घरात किती, तर दीड वर्षसुद्धा भरेना. लोक मात्र तिला नशीबवान म्हणायचे, आणि तीही मान हलवायची. डोळ्यांत आलेलं पाणी कांद्याच्या नावावर खपून जायचं.

२०११ सालच्या फेब्रुवारीत मुबारक परत आला तो रजेवर नव्हे. जुनी कंपनी बंद पडली होती. धाकट्या भावाने तिकडेच हातापाया पडून दुसऱ्या कंपनीचा व्हिसा मिळवला होता. फक्त मुंबईला जाऊन मेडिकल करायचं, म्हणजे निव्वळ औपचारिकता. मुबारकला त्या दिवसांत तहान फार लागायची आणि पोट उतरलं होतं. पोट उतरल्याचा त्याला आनंदच होता, पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं होतं. मेडिकलचा कागद आला. उपाशीपोटी दोनशे शहाऐंशी, जेवणानंतर तीनशे नव्वद. खाली शिक्का, अनफिट.

हा शब्द मोहल्ल्यात लोक आवाज खाली करून बोलतात. ज्याला गल्फ बंद झालं त्याचं सगळंच बंद झालं, असा त्याचा अर्थ. चव्वेचाळीस वर्षांचा उंचापुरा मुबारक दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला, की कंपनी तीन महिने थांबायला तयार आहे. साखर खाली आण आणि पुन्हा मेडिकल कर.

फोन ठेवून फरिदाने कपाट उघडलं आणि मशीन बाहेर काढलं. माहितीचा कागद इंग्रजीत होता, तो हुदाने वाचून दाखवला. मुबारकच्या बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब ठेवला, आणि आकडा आला ब्याण्णव. घरात आनंदीआनंद. मुंबईचं मशीन बिघडलेलं असणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि त्या आनंदात मुबारकने दोन वाट्या शेवयांची खीर खाल्ली.

हा आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी त्याला गोळ्या लिहून दिल्या आणि वडाळे तळ्यावर पाठवलं. तिथे कृष्णकांत नावाचे गृहस्थ साखरेच्या माणसांना रोज सकाळी चालायला नेत. मुंबईत कचेरीत नोकरी करून निवृत्त झाले होते, नवीन पनवेलला राहत, आणि वीस वर्षं स्वतः साखर सांभाळून होते. फरिदाने मोठ्या अभिमानाने त्यांच्यापुढे मशीन ठेवलं. त्यांनी आधी पट्ट्यांची डबी उलटी करून तारीख पाहिली आणि म्हणाले, "भाभी, ह्या पट्ट्या गेल्या वर्षीच मेल्यात." मग स्वतःच्या डबीतली एक पट्टी काढून दिली. आकडा आला तीनशे चार.

फरिदाला त्या दिवशी भयंकर राग आला. नवऱ्याचा नव्हे, साखरेचाही नव्हे, स्वतःचा. शास्त्रात पहिली आलेली बाई तारीख न बघता खीर वाढते. घरी येऊन तिने हुदाची एक कोरी दोनशेपानी वही घेतली, पट्टीने रेघा मारल्या, आणि डावीकडे एक ते नव्वद आकडे घालून पुढे नव्वद तारखा लिहून टाकल्या. काय खाल्लं, किती चाललं, उपाशी किती, जेवणानंतर किती, असे चार रकाने. पहिली ओळ सात मार्चची. शेवटची चार जूनची, मेडिकलच्या दिवसाची.

मग सुरू झाला तिचा अभ्यास. कृष्णकांतकाकांनी मराठीतली पुस्तिका दिली, ती तिने दोनदा वाचली आणि काही गोष्टी पटल्या नाहीत म्हणून स्वतः तपासून पाहिल्या. सगळ्यात आधी खजुराशी गाठ पडली. मुबारक रोज सकाळी कुवेतचा खजूर खायचा, मोजून सात. खजुरातली साखर बाधत नाही, तो बरकतीचा मेवा, असं मोहल्ल्यात लहानथोर सगळे मानत. फरिदाही मानायची. पण वहीत जेवणानंतरच्या रकान्यात दोनशे साठ आलं, दुसऱ्या दिवशी खजुराशिवाय दोनशे दहा आलं, तेव्हा ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसली. बरकत सातात असेल तर एकातही असणार, असं म्हणून तिने बरणी वरच्या फळीवर ठेवली. मुबारक कुरकुरला. तांदळाच्या भाकरीवर हात पडला तेव्हा मात्र तो खरोखर रुसला. कोकणातल्या माणसाची भाकरी नाचणीची करणं म्हणजे त्याचं घर बदलण्यासारखंच आहे. पण दोन भाकऱ्यांच्या जागी एक, बरोबर तळव्याएवढी मच्छी आणि ढीगभर भाजी, यावर तह झाला. आकडे खाली यायला लागले.

आणि मोहल्ला मदतीला धावला. मोहल्ल्याची मदत म्हणजे काय, हे तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. शेजारून येणारी गोडाची ताटली बंद झाली. एका निकाहात मुबारकने जर्द्याच्या, म्हणजे गोड केशरी भाताच्या, ताटाकडे नुसतं पाहिलं, तर तीन बाजूंनी तीन हात आले आणि ताट पुढे सरकलं. मशिदीच्या पायरीवर, न्हाव्याकडे, मच्छीबाजारात, जो भेटेल तो सलाम करून विचारायचा, आज किती? आकडा चांगला असला की "माशाल्ला" म्हणून पाठीवर थाप. सगळ्यांना त्याची साखर खाली हवी होती, कारण सगळ्यांना तो विमानात हवा होता.

फरिदा सुरुवातीला फक्त त्याला तळ्यापर्यंत सोडायला जायची. कृष्णकांतकाकांच्या बायकोने, वसुंधराकाकूंनी, तिला काठावर बसू दिलं नाही. बूट घ्यायला लावले. बुरख्याखालचे पांढरेशुभ्र बूट बघून हुदा दोन दिवस हसत होती. पण तिसऱ्या दिवसापासून फरिदा नवऱ्याच्या बरोबरीने चालायला लागली. तळ्याला चार फेऱ्या, एका बाजूला पाणी आणि जलपर्णी, दुसऱ्या बाजूला गावाची जाग. सतरा वर्षांत ती दोघं अशी शेजारीशेजारी कधी चालली नव्हती. रजेच्या दोन महिन्यांत पाहुणे, लग्नं, घराची डागडुजी, यातून चालायला सवड कुणाला?

चालता चालता मुबारक बोलायला लागला. कुवेतमधलं तो घरी कधीच काही सांगत नसे. इथे मात्र, तोंड समोर आणि पाय चालू असल्यामुळे असेल, एकेक गोष्ट बाहेर पडू लागली. एका खोलीत आठ जण. चौदा तास गाडी. जेवण कधी दुपारी चारला, कधी एकदम दुसऱ्या दिवशी. झोप येऊ नये म्हणून शेजारच्या सीटवर थंड पेयाच्या बाटल्यांचं खोकं, दिवसाला सहा-सहा बाटल्या. फरिदा ऐकत होती. घरी येऊन तिने वही उघडली, तर पहिल्यांदाच तिला त्या रकान्यांचा उपयोग दिसेना. तळव्याएवढी मच्छी, ढीगभर भाजी, चार फेऱ्या, यातलं तिकडे काय होतं? ती इथे जे दाणादाणा जमवत होती, ते तिकडे सहा महिन्यांत सांडून जाणार होतं.

बासष्टाव्या दिवशी ती दोघं मोऱ्याला गेली. अब्बांचं बंद घर उघडून झाडलं, बंदरावर चालली, भाजलेला बांगडा खाल्ला. मुबारक धक्क्यावर बसून लाँचकडे बघत म्हणाला, की इथे बरं वाटतं. संध्याकाळी फरिदाने आकडे लिहिले. उपाशी एकशे सोळा, जेवणानंतर एकशे एक्कावन्न. इतके चांगले आकडे कधीच आले नव्हते. आणि तिने वही लगेच मिटली. आकडा चढला तर नवरा आजारी, उतरला तर नवरा विमानात. चारी बाजूंनी कोंडल्यासारखं झालं तिला, आणि हे सांगणार कुणाला? सगळा गाव तर तिचं कौतुक करत होता.

ज्या बाईने ते ओळखलं ती कोन गावाहून भाजी घेऊन येणारी भामा. तिच्याकडून फरिदा नाचणी आणि कारली घ्यायची. भामाने पाटी उतरवत विचारलं, "दादला कवा जातंय?" फरिदा म्हणाली, बरा झाला की. भामा कारली निवडत राहिली आणि म्हणाली, "आमी बी असंच करतो. नांगरनी जवल आली का बैलाला पेंड चारायची, कुळीद चारायचं. बैलाला वाटतं लाड चाललेत. त्याला काय ठावं हाय?"

त्या दिवशी फरिदाने धीर केला. तिसऱ्या फेरीला तिने विषय काढला, की उरणच्या रस्त्याला कंटेनरचे एवढे ट्रेलर जातात, इथे चालवायला काय हरकत आहे? मुबारक थांबला, खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसला. नाडी सुटलेली नव्हती. मग म्हणाला, "गल्फवरून आलेला माणूस इथे गाडी चालवायला लागला की लोक विचारतात, तिकडे काय गुन्हा केलास? आणि भावाने माझ्यासाठी शब्द टाकलाय." चालायला लागल्यावर म्हणाला, "हुदाचं कॉलेज आहे." फरिदाने पुन्हा तो विषय काढला नाही.

चार जून उजाडला. मेडिकलमध्ये आधी उपाशीपोटी रक्त घेणार होते, मग बरोबर नेलेलं खायचं, आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. फरिदाने डबा भरला. एक भाकरी, गवारीची भाजी, दोन उकडलेली अंडी. मग थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा ओतला. पाहुण्यांसाठी ठेवलेला साखरेचा डबा समोरच होता. तिने त्यातले दोन चमचे थर्मासमध्ये टाकले, ढवळले, आणि झाकण लावलं. हे करताना ती क्षणभरही थांबली नाही, याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटली. मुबारकला पहिल्याच घोटाला कळलं असतं. आणि तरी तो प्यायला असता, हेही तिला माहीत होतं.

बाहेर तो बूट घालत होता. गुणगुणत होता, जसे अंगठा गेल्यावरही अब्बा गुणगुणायचे. फरिदाने झाकण काढलं आणि सगळा चहा मोरीत ओतला. थर्मास तीनदा विसळला आणि नवा चहा केला. डॉक्टरांना दाखवायला म्हणून वही पिशवीत घातली. नव्वदावी ओळ तारखेपुरती भरलेली होती, बाकी रिकामी.

मुबारक दुपारी परत आला तो पेढ्यांचं खोकं घेऊनच. उपाशी एकशे चार, जेवणानंतर एकशे अडतीस. फिट. मोहल्ल्यात साखर उतरल्याचे पेढे वाटले गेले, आणि ते ज्याच्या नावाने वाटले त्याच्या हातात कुणी एकही ठेवला नाही. दुसऱ्या रविवारी तळ्याकाठी चालणाऱ्यांच्या मंडळाने फरिदाचा सत्कार केला. वसुंधराकाकूंनी शाल घातली, कृष्णकांतकाकांनी वही उंच धरून सगळ्यांना दाखवली आणि तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उभी राहिली, शाल सारखी केली आणि खाली बसली. लोकांना वाटलं, लाजली.

जायच्या आदल्या सकाळी दोघं शेवटच्या फेऱ्या मारत होती, तेव्हा मुबारकने सांगितलं, की मेडिकलच्या समोरच रसवंती होती. दोन तास काढायचे होते. त्याने रसाचा ग्लास मागवला, हातातही घेतला.

"मग?"

"मग तुझी वही काढली. ती शेवटची ओळ रिकामी होती. तू तारीख घालून ठेवली होतीस. तिच्यात खोटा आकडा कसा घालू?"

फरिदा पुढे बघून चालत राहिली. तिला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं. तिच्याच हातच्या पट्टीने मारलेल्या रेघांनी नवऱ्याला देशाबाहेर काढलं होतं. चहाचं मात्र तिने सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी मुबारकने हुदाला पाठवून वहीच्या पानांची झेरॉक्स करून आणली आणि मशीनबरोबर बॅगेत ठेवली. तिकडेही असंच लिहायचं, म्हणाला. फरिदाला तेवढंच बरं वाटलं.

दर शुक्रवारी फोन यायचा. मुबारक आठवड्याचे सात दिवसांचे आकडे सांगायचा, फरिदा नव्या वहीत उतरवून घ्यायची. पहिल्या आठवड्याचे आकडे छान होते. दुसऱ्या आठवड्याचेही. त्यातला शेवटचा होता उपाशी एकशे सोळा, जेवणानंतर एकशे एक्कावन्न.

तिने फोन ठेवला आणि जुनी वही काढली. हा आकडा ती विसरणं शक्यच नव्हतं, तो मोऱ्याचा होता. तिने बासष्टाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक ओळ वर नेलं. एकसष्ट, साठ, एकोणसाठ, थेट एकोणपन्नासपर्यंत. चौदाच्या चौदा आकडे ओळीने तेच होते. मुबारक झेरॉक्स बघून वाचत होता. मशीन बॅगेतच असणार. आठ जणांच्या खोलीत ते काढलं की बातमी कंपनीपर्यंत जायला कितीसा वेळ?

तिला संताप आला आणि त्याच दमात त्याची कीवही आली. पण जाब विचारायचा तर कुठल्या तोंडाने? स्वतःच्या हाताने तिनेच चहात साखर घातली होती. आणि खरं कळून करायचं काय? तिसऱ्या शुक्रवारी ती एवढंच म्हणाली, की आकडे अगदी एकसारखे चांगले येतात. तो म्हणाला, "तुझ्यामुळे." तिने पुढचे सात आकडे लिहून घेतले. चौथ्याला लिहिले, पाचव्याला लिहिले. प्रत्येक आकड्याबरोबर तिला तो दिवस आठवायचा, कुठल्या फेरीला तो काय बोलला ते आठवायचं. मोहल्ल्यात कुणी विचारलं की ती सांगायची, साखर छान आहे.

सहावा शुक्रवार जुलैच्या शेवटचा. तीन-चार दिवसांत रोजे सुरू होणार होते, आणि कुवेतच्या त्या उन्हात मुबारक ट्रेलर चालवत रोजे धरणार होता. फोनवर तो एकेक आकडा सांगत शेवटच्यापाशी आला. "आणि आजचा, एकशे चार. जेवल्यावर एकशे अडतीस."

नव्वदावी ओळ. त्याच्यापुढे झेरॉक्सचा कागद संपला होता. फरिदाने पेन खाली ठेवलं.

"ऐका," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमच्या चहात मी साखर घातली होती. मेडिकलच्या दिवशी. मग ओतून दिला."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. कुणीतरी हिंदीत कुणाला तरी हाक मारत होतं. मुबारकने विचारलं, "किती चमचे?"

"दोन."

"मी प्यायलो असतो."

"माहीत आहे."

मग तो बाहेर जिन्यात गेला असावा, कारण आवाज बदलला. "फरिदा, मशीन मी कालपर्यंत काढलंच नव्हतं. काल सगळे ड्यूटीवर होते तेव्हा लावलं. तीनशे बारा." मग म्हणाला, "अंगठ्याला लागलंय. बूट चावला. दहा दिवस झाले, भरत नाही."

फरिदाने जुनी वही ओढली. नव्वदाव्या ओळीखाली पट्टी न घेताच एक रेघ मारली, एक्क्याण्णव लिहिलं आणि त्यापुढे तीनशे बारा. सगळ्या वहीत तेवढीच एक रेघ वाकडी आली. मग सतरा वर्षांत एकदाही तोंडातून न निघालेलं वाक्य ती म्हणाली, "घरी या."

भावाचं नाव त्याने काढलं नाही, हुदाच्या कॉलेजचंही नाही. जिन्यावरून कुणी जात होतं त्याला वाट देऊन झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "तळ्यात पाणी किती आहे आता?"

"काठापर्यंत आलंय," फरिदा म्हणाली. "पण चालायचा रस्ता मोकळा आहे."